खाडीच्या दोन काठांवरची मंडळी

बुधवार

अहिल्यानगरहून सकाळी निघालेली एसटी आळेफाट्याला चहासाठी थांबली, माळशेज घाट उतरली आणि मुरबाड, कल्याण करीत दुपार कलता ठाण्याच्या वाटेला लागली. प्रवासाचे कारण घरगुती होते. माझा भाचा वागळे इस्टेटमधील एका कंपनीत नोकरीला लागला होता आणि कळव्यात दोन खोल्या भाड्याने घेऊन राहत होता. आता भाचेसून आणि सहा वर्षांची नात कायमची तेथे जायची असल्यामुळे त्यांना नव्या गावी बसवून देण्याचे काम, घरातली निवृत्त शिक्षिका म्हणून, ओघानेच माझ्याकडे आले. शाळा, रेशनकार्ड, गॅस ही कामे होतीच. परंतु आमच्या प्रोटेस्टंट ख्रिस्ती घराण्यात गाव बदलले की पहिल्या आठवड्यातच मंडळी, म्हणजे चर्चचा उपासक समूह, शोधायची, अशी आजोबांपासूनची रीत आहे. आमच्या पाळकसाहेबांनी दिलेले, मंडळीचा शिक्का मारलेले सभासदत्वाचे पत्र मी साडीच्या घडीत जपून ठेवले होते.

खारेगावच्या पुलावरून खाडी दिसली. आज ठाण्याला कोणी सरहद्दीचे शहर म्हणणार नाही. तथापि जवळजवळ तीन शतके त्याचा मुख्य धंदा सीमा राखण्याचाच होता. १५३४ च्या तहाने वसई आणि, ठाणे ज्यावर वसले आहे ते, साष्टी बेट पोर्तुगिजांकडे गेले आणि खाडी ही त्यांच्या मुलखाची कड ठरली. १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे घेतले. १७७४ च्या डिसेंबरात ते इंग्रजांनी जिंकले आणि त्यानंतर १८१७ पर्यंत, मधला युद्धकाळ सोडला तर, अलीकडे ईस्ट इंडिया कंपनी आणि पलीकडे पेशवे असा प्रकार होता. म्हणजे भाच्याच्या कळव्यातील खोल्या पेशव्यांच्या काठावर आणि त्याची कंपनी इंग्रजांच्या काठावर आहे. आता सीमा सरकून मुलुंडच्या नाक्यावर गेली आहे. तेथे जुलै २०१७ पर्यंत जकातीसाठी मालमोटारींची रांग लागत असे; जकात गेली, पण घरभाड्याची सीमारेषा तशीच राहिली आहे, आणि मुंबईत नोकरी करूनही मुंबईचे भाडे न परवडणारी माणसे तिच्या अलीकडे उतरतात.

खोपटच्या एसटी स्थानकावर भाचा घ्यायला आला होता. “आत्या, तुम्ही आधी जेवून घ्या, चर्चचे उद्या बघू,” असे तो म्हणाला. तीन महिने तो येथे होता, पण एकाही रविवारी उपासनेला गेला नव्हता. मी विचारले, तर म्हणाला, “एकट्याने कुठे जायचे, आणि गेल्यावर कोणाशी बोलायचे?”

गुरुवार

कळव्याहून ठाणे हे लोकलने एकच स्थानक. १८५३ साली मुंबईहून आलेली पहिली आगगाडी ठाण्यात थांबली होती. पुढच्या वर्षी खाडीवर पूल बांधून लोहमार्ग कल्याणपर्यंत गेला. त्या मार्गावरून आज सकाळच्या वेळी आत शिरणे हेच एक दिव्य आहे. भाचेसुनेने नातीला छातीशी धरले आणि दोन अनोळखी बायकांनी, एक शब्दही न बोलता, त्यांच्यासाठी दाराजवळ कोपरा करून दिला.

ठाण्याच्या जुन्या भागात पोर्तुगिजांनी १७३० च्या सुमारास बांधायला घेतलेला किल्ला आहे, तोच आजचा मध्यवर्ती तुरुंग. पेशव्यांचे कारभारी त्र्यंबकजी डेंगळे १८१६ साली येथूनच निसटले. पहाऱ्यावर युरोपीय शिपाई होते. त्यांना मराठी कळत नसल्यामुळे बाहेर घोड्याचा खरारा करणाऱ्या माणसाने गाण्यातून बेत सांगितला आणि तो आतल्या कैद्याला तेवढा समजला, अशी हकीकत बिशप रेजिनाल्ड हीबर यांनी आपल्या प्रवासवृत्तान्तात नोंदवली आहे. हेच हीबर १८२५ साली ठाण्यात आले आणि त्यांनी येथील सेंट जेम्स चर्चचा अभिषेक केला. पुढच्या वर्षी तिरुचिरापल्लीत त्यांचे निधन झाले. ते चर्च बांधले गेले तेव्हा त्यात येणारे बहुतेक लोक छावणीतले आणि कचेरीतले इंग्रज, म्हणजे सारेच परगावचे. मराठी बोलणारे ख्रिस्ती त्या बाकांवर बसू लागले ते पुष्कळ नंतर.

परंतु ठाण्यातील ख्रिस्ती पाहुणचाराची सर्वांत जुनी नोंद याच्याही पाचशे वर्षे मागची आहे आणि तिचा शेवट भीषण आहे. १३२१ साली चार फ्रान्सिस्कन धर्मबंधू चीनच्या वाटेवर असताना येथे उतरले: तोलेंतिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिफ्लिसचा देमेत्रियस. त्या वेळी ठाण्यात पूर्वेकडील नेस्टोरियन परंपरेतील ख्रिस्ती लोकांची पंधरा घरे होती, असे त्यांच्या मागून आलेला प्रवासी ओडोरिक लिहितो. पंथ निराळा, भाषा निराळी. तरी त्यांपैकी एका घराने या चौघांना ठेवून घेतले. पुढे त्या घरातल्या नवऱ्याने बायकोला मारहाण केली, ती काझीकडे दाद मागायला गेली, साक्षीदार कोण म्हणून पाहुण्यांची नावे निघाली, आणि साक्षीसाठी बोलावलेल्यांशी धर्मावर वाद सुरू होऊन चौघांचीही हत्या झाली. त्यांच्या अस्थी ओडोरिकने पुढे चीनपर्यंत नेल्या. धर्मवीरांच्या कथेत यजमान कुटुंब सहसा मागे पडते. मला मात्र त्या मार खाल्लेल्या बाईची आठवण दिवसभर राहिली. तिचे नावही कोणी लिहून ठेवलेले नाही.

मासुंदा तलावाजवळच्या सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्चमध्ये आम्ही गेलो ते भाच्याच्या घरमालकिणीच्या सांगण्यावरून. ती ईस्ट इंडियन समाजाची, पंचाहत्तरीच्या पुढची. तिने आम्हाला स्वतः नेले. साष्टीतील हे मूळचे मराठी बोलणारे कॅथलिक. पोर्तुगीज गेले, युरोपीय पाद्री गेले, तरी ही शेतकरी, कोळी, आगरी घरे जागीच राहिली. पुढे गोव्याहून आणि मंगळूरहून नोकरीसाठी येणाऱ्या कॅथलिकांची मुंबईत गर्दी झाली, तेव्हा स्थानिकांनी १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, आपली निराळी संघटना उभारून ईस्ट इंडियन हे नाव घेतले. परक्यांच्या येण्याने गावकऱ्यालाही स्वतःची ओळख नव्याने सांगावी लागते, याचे इतके स्पष्ट उदाहरण मला दुसरे माहीत नाही.

आजी बाकावर बसून सांगत होत्या. त्यांच्या लहानपणी मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची मुख्य उपासना, लॅटिनमध्ये होत असे, म्हणजे ती कोणालाच कळत नसे, आणि त्या अर्थी सारे सारखे होते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, १९६५ च्या पुढे, लोकांच्या भाषेत मिस्सा आली आणि लगेच प्रश्न उभा राहिला की लोक म्हणजे कोण. त्या म्हणाल्या, “पहिले आम्ही मराठी मागितली, ती मिळाली. मग आमचीच पोरे इंग्रजी शाळेत गेली. आता मराठी मिस्साला आम्ही म्हाताऱ्या बसतो, आणि तुमच्यासारखी बाहेरची येतात ना, जालन्याची, संगमनेरची, त्यांनी ती टिकवली आहे.” नव्या कुटुंबाने धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या) कचेरीत नाव नोंदवायचे, आधीच्या धर्मगुरूंचे पत्र आणि मुलांचे स्नानसंस्काराचे (बाप्तिस्म्याचे) दाखले द्यायचे, मग राहत्या इमारतींच्या हिशेबाने एका छोट्या ख्रिस्ती समुदायात त्यांना जोडतात, ही तेथील पद्धतही त्यांनी नीट समजावली. महिन्याकाठी कोणाच्या तरी घरी जपमाळ आणि बायबलवाचन होते. जिने चढून बोलवायला येणारी एक बाई नेमलेली असते. आम्ही प्रोटेस्टंट, त्यामुळे ही सोय आमच्या उपयोगाची नव्हती, पण जिने चढणारी नेमलेली बाई ही गोष्ट मी वहीत टिपून घेतली. आमच्याकडे हे काम प्रत्येकाचे असते, म्हणून पुष्कळदा कोणाचेच नसते.

शुक्रवार

दिवस शाळेच्या प्रवेशात आणि भाडेकराराची नोंदणी करण्यात गेला. संध्याकाळी कळव्याच्या बाजारात भाचेसुनेला नगरसारखी बाजरी मिळाली, त्यामुळे तिचा चेहरा आल्यापासून प्रथमच उजळला.

शनिवार

नगरच्या इस्पितळात माझ्या आईची शुश्रूषा करणारी एक केरळी परिचारिका आता कोपरखैरण्याला असते. तिच्या आमंत्रणावरून आम्ही ठाण्याहून ट्रान्स हार्बरच्या गाडीने गेलो. ऐरोली, रबाळे, घणसोली असा हा मार्ग कारखान्यांच्या पट्ट्याला लागून जातो, आणि नवी मुंबईत कोण कोठून का आले, हे खिडकीतूनच उमगते. १९७० साली सिडको स्थापन झाली, जुन्या गावांच्या शेतजमिनी आणि मिठागरे घेऊन सेक्टर पाडले गेले, आणि त्या जमिनींच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात, जानेवारी १९८४ मध्ये, उरण तालुक्यात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण मृत्युमुखी पडले. नव्या शहरातील कोणत्याही पंथाचे प्रार्थनास्थळ या जमिनीवरच उभे आहे, आणि नवागतांच्या स्वागताविषयी लिहिताना ज्यांना आपल्याच शेतात नवखे व्हावे लागले त्यांना वगळून चालणार नाही.

केरळी मंडळींची व्यवस्था पाहून मी थक्क झाले. सिरो-मलबार या केरळी कॅथलिक पंथाच्या लोकांसाठी १९८८ साली कल्याण येथे स्वतंत्र धर्मप्रांत झाला. मार्थोमा, ऑर्थोडॉक्स, जॅकोबाइट यांच्याही आपापल्या मंडळ्या या परिसरात आहेत. गावाकडून निघालेल्या मुलीचे नाव येथे तिच्या आधी पोहोचते. परिचारिका म्हणून नोकरी लागली की तिला कोणाबरोबर खोली मिळेल, रात्रपाळी संपल्यावर कोणत्या गाडीने परतणे बरे, कोणत्या घरी कांजी मिळेल, हे सारे तिच्या गावच्या चर्चकडून आलेल्या एका फोनवर ठरते. आमची परिचारिका पंचवीस वर्षांपूर्वी येथे आली, तेव्हा रविवारची उपासना एका शाळेच्या सभागृहात होत असे. वेदी म्हणजे दोन मेजे जोडून वर पांढरी चादर. आता इमारत आहे, वाहनतळ आहे, मुलांसाठी मल्याळमचे वर्ग आहेत.

मी तिला विचारले, एखादे मराठी कुटुंब आले तर? ती हसली आणि म्हणाली, “चेची, येतील तर जेवायला घालू. पण दोन तास काय ऐकतील?” उत्तर प्रामाणिक होते. तिच्या चर्चचा दरवाजा उघडा आहे आणि तरीही तो केरळातच उघडतो. यात मला दोष दिसत नाही; गावापासून दीड हजार किलोमीटरवर आलेल्या माणसाला आठवड्यातून दोन तास स्वतःच्या भाषेत रडता-गाता यावे, हा हक्कच आहे. फक्त मग ज्या भाषेचे लोक असे संघटित नाहीत, त्यांच्याकडे कोण पाहणार, एवढा प्रश्न उरतो. मराठी माणूस महाराष्ट्रातच असल्यामुळे त्याला कोणी नवागत समजत नाही. भाचा तीन महिने एकटा राहिला याचे कारण मला तेथे कळले.

रविवार

सकाळी एका जुन्या, मोठ्या चर्चमध्ये इंग्रजी उपासनेला गेलो. ऑर्गन सुरेख वाजला. दाराशी उभ्या असलेल्या गृहस्थांनी हात मिळवला, छापील पत्रक दिले, आणि उपासनेच्या अखेरीस पाळकांनी “आज प्रथमच आलेल्यांनी कृपया उभे राहावे” असे सांगितले. भाचा उठेना. मी उभी राहिले, टाळ्या झाल्या, आणि त्यानंतर बाहेर पडेपर्यंत आमच्याशी कोणीही बोलले नाही. ही उभे करण्याची पद्धत बंद करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. गावाकडून आलेल्या, कपड्यांविषयी आणि इंग्रजीविषयी आधीच संकोचलेल्या माणसाला शंभर डोळ्यांपुढे उभे करण्यात यजमानाची हौस भागते. पाहुणा मात्र पुढच्या रविवारी घरी बसतो.

दुपारी चार वाजता मराठी उपासना होती, खाडीअलीकडे, कळव्यात, एका शाळेच्या वर्गात. ही वेळ मंडळीला हवी म्हणून ठेवलेली नाही. सकाळी तेथे हिंदी मंडळी असते, साडेपाचला तमिळ मंडळी येते, मधला दीड तास मराठीच्या वाट्याला. बाके बाहेर काढायची, सतरंज्या घालायच्या, पेटी आणि ढोलकी कपाटातून काढायची, आणि सव्वापाचला पुन्हा सारे होते तसे करायचे. साठ-पासष्ट माणसे असतील. बहुतेक नगर, जालना, छत्रपती संभाजीनगर आणि बीड या जिल्ह्यांतली. काहींचे वडील १९७२ च्या दुष्काळात आले, काही मागच्या वर्षी. बापे वागळे इस्टेटमध्ये किंवा सुरक्षारक्षक, बाया इस्पितळांत, शाळांत, घरकामाला. १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि वागळे इस्टेट ही त्याची पहिली वसाहत ठरली. तेथील पुष्कळसे कारखाने जाऊन आता काचेच्या कचेऱ्या आल्या आहेत, पण कामाला येणारे जिल्हे तेच आहेत.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे भजन सुरू झाले आणि भाचा, जो सकाळी उठला नव्हता, तो दुसऱ्या ओळीपासून म्हणू लागला. त्याच्या शेजारच्या माणसाने पुस्तक पुढे सरकवले. याला त्याची गरज नव्हती.

उपासनेनंतर कोणी उभे केले नाही. चहा होता, आणि चहाबरोबर चौकशी. ही आमची मराठी चौकशी मला चांगली ठाऊक आहे: गाव कोणते, आडनाव काय, मिशन कोणते? अमेरिकन मराठी मिशन, एसपीजी (अँग्लिकन मिशन), स्कॉटिश, मेथडिस्ट, मुक्तिफौज, या प्रत्येक नावामागे तालुके आहेत, शाळा आहेत, आणि न बोलता ओळखली जाणारी जुनी जातही आहे. १९७० साली नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन होऊन यांतल्या पुष्कळ मंडळ्या एक झाल्या, परंतु चहाच्या कपाबरोबरचे प्रश्न एक झाले नाहीत. भाचेसुनेला एका बाईने माहेर विचारले, मग माहेरचे मिशन, मग मामाचे आडनाव. तिसऱ्या प्रश्नावर ती गप्प झाली. तेव्हा एका म्हाताऱ्या बाईने मध्येच, “अगं, पोरीला आधी पाण्याची वेळ सांग, कळव्यात पाणी कधी येते ते,” असे म्हणून विषय तोडला. त्या एका वाक्याने ती मंडळी माझ्या मनात पास झाली.

मंडळीच्या चिटणिसांनी आमचे पत्र वाचले, तारीख पाहिली, आणि नाव कच्च्या यादीत घेऊन सहा महिन्यांनी पक्के करू, असे सांगितले. मी दफनभूमीचे विचारले. भाचा ओशाळला, पण हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारावा लागतो. ठाण्यात आणि नवी मुंबईत ख्रिस्ती दफनभूमीला जागा थोडी आहे. जुन्या थडग्यांच्या जागा काही वर्षांनी पुन्हा वापरल्या जातात, काही ठिकाणी अस्थी काढून भिंतीतल्या कोनाड्यांत ठेवतात, आणि यादीत नाव नसलेल्या कुटुंबाला ऐन दुःखाच्या दिवशी या चर्चमधून त्या चर्चमध्ये फिरावे लागते. चिटणीस म्हणाले, “ताई, नाव पक्के नसले तरी आम्ही माणूस अडवत नाही. पण वर्गणी चुकवू नका म्हणावं.” वर्गणी किती, पावती कोण देतो, हेही त्यांनी सांगितले. नवागताला असेच नेमके बोलणे उपयोगी पडते.

नातीच्या शब्बाथशाळेचा, म्हणजे मुलांच्या रविवारच्या बायबलवर्गाचा, प्रश्न मात्र सुटला नाही. मराठी मंडळीत तिच्या वयाची तीनच मुले, आणि तीही आपसांत हिंदी बोलतात. भाचेसुनेचे म्हणणे, मुलीला सकाळच्या इंग्रजी चर्चच्या शब्बाथशाळेत घालावे, शाळेतही तेच चालणार आहे. भाच्याला ते पटत नाही. मी दोघांच्या मध्ये पडले नाही. ईस्ट इंडियन आजींनी सांगितलेली गोष्ट याच घरात पुन्हा घडू लागली आहे, आणि तिला अडवण्याचे साधन माझ्याजवळ नाही.

सोमवार

संध्याकाळी पाळकसाहेब घरभेटीला आले. दुचाकीवरून, मुंब्र्याहून एक भेट उरकून. खोलीत खुर्ची एकच होती, ती त्यांनी मला दिली आणि स्वतः चटईवर बसले. स्तोत्र वाचले, प्रार्थना केली, चहा नको म्हणाले आणि मग घेतला. मग वही काढली. भाच्याची पाळी, रक्तगट, कंपनीतला फोन क्रमांक, भाचेसुनेचे शिक्षण, गावाकडे कोणाला कळवायचे त्याचे नाव, असे सारे त्यांनी लिहून घेतले. भाचेसून बारावीनंतर दोन वर्षे बालवाडीत शिकवत होती हे कळताच ते म्हणाले, “मग शब्बाथशाळा तुम्हीच घ्या की. मुले तीन आहेत, तुमची धरून चार.” ती माझ्याकडे पाहू लागली. मी काही बोलले नाही. तिने विचार करून सांगते म्हटले, आणि गोष्टींची चित्रे मंडळीकडे आहेत का, हे मात्र लगेच विचारले.

भाच्याला त्यांनी विचारलेही नाही. पुढच्या रविवारी साडेतीनला ये, बाके बाहेर काढायला माणसे कमी पडतात, आणि तमिळ मंडळीचे लोक सव्वापाचलाच दारात उभे राहतात, तेव्हा सतरंज्या गुंडाळण्याचे काम तुझ्याकडे, एवढे सांगून ते उठले. जिना उतरताना त्यांनी खालच्या मजल्यावरचे दार वाजवले. तेथे बीडहून आलेले आणखी एक कुटुंब राहते म्हणे, आणि भाच्याला तीन महिन्यांत त्याचा पत्ता नव्हता.